परदेशस्थ विद्यार्थ्याचे दैनंदिन जीवन आणि मराठी चरित्रात्मक वाङ्मय : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

परदेशी जाऊन विद्या संपादन करणाऱ्या मराठी माणसांची परंपरा आता १४० वर्षांहून अधिक जुनी झाली आहे. या परंपरेविषयी मराठीत विपुल लेखन झाले असले, तरी त्यात एक उणीव सातत्याने जाणवते. विद्यार्थ्याने कोणती पदवी, कोणत्या विद्यापीठातून आणि कोणत्या वर्षी मिळविली, हे आपणास ठाऊक असते. ती पदवी मिळेपर्यंतच्या हजार-बाराशे दिवसांत तो कोठे राहिला, काय जेवला, थंडीचे निवारण कसे केले, हाती आलेले पैसे कसे पुरविले आणि घरी काय कळविले, याची नोंद मात्र ओझरती असते. असलीच, तर ती त्यागाचा पुरावा म्हणून येते. प्रस्तुत लेखात या उणिवेचे स्वरूप तपासून, परदेशस्थ विद्यार्थ्याचे दैनंदिन जीवन वाचण्याची वेगळी दिशा सुचविण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पत्रव्यवहार व त्यावर आधारलेले चरित्रलेखन हा मुख्य आधार मानला असून पंडिता रमाबाई व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचा तुलनेसाठी विचार केला आहे.

हा विषय आपल्या जिल्ह्यास परका नाही. २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या अहमदनगर जिल्ह्याचा अमेरिकेशी असलेला शैक्षणिक संबंध १८३१ मध्ये येथे सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनइतका जुना आहे. रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे १८४६ मध्ये भारतात आले आणि कोल्हापूरला जाण्यापूर्वीची आरंभीची वर्षे त्यांनी अहमदनगर येथे काढली. पुढे मायदेशी परतल्यावर त्यांनी प्रिन्स्टन येथून एक मिशनरी नियतकालिक चालविले. पत्नीच्या शिक्षणाविषयी गोपाळराव जोशी यांनी केलेला पत्रव्यवहार याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. आनंदीबाईंच्या अमेरिकागमनाची सुरुवात अशी झाली. आज संगमनेर, लोणी, राहुरी, कोपरगाव, श्रीरामपूर येथे शिकलेले विद्यार्थीही परदेशी विद्यापीठांकडे वळतात आणि त्यांना शिफारसपत्रे देण्याचे काम आपल्यापैकी अनेकांकडे येते. म्हणून हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहत नाही.

दोन रूढ साचे :

परदेशवास्तव्याविषयीचे मराठी लेखन स्थूलमानाने दोन साच्यांत बसते. पहिला साचा प्रवासवर्णनाचा होय. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) हे त्याचे सर्वाधिक लोकप्रिय उदाहरण. पु. ल. बी.बी.सी.मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेले होते, म्हणजे एका अर्थाने तेही विद्यार्थीच होते. तथापि पुस्तकाच्या शीर्षकापासूनच भर नवलाईवर आहे. नवलाई हा प्रवासवर्णनाचा प्राण असल्याने हा त्या पुस्तकाचा दोष म्हणता येणार नाही. परंतु नवलाई फार काळ टिकत नाही. काही आठवड्यांत परक्या देशातील रस्ता, दुकान व स्वयंपाकघर सवयीचे होते आणि प्रवासवर्णनकाराचे काम तेथे संपते. विद्यार्थ्याचे खरे जीवन मात्र तेथूनच सुरू होते.

दुसरा साचा चरित्राचा. चरित्रकाराची दृष्टी साध्यावर खिळलेली असते. पदवी, प्रबंध, मानसन्मान, स्वदेशी पुनरागमन हे टप्पे त्याला दिसतात. मधल्या काळातील उपासमार, थंडी व एकाकीपणा यांना तो ‘हालअपेष्टा’ या एका शब्दात गोळा करतो. या शब्दाने चरित्रनायकाविषयी आदर वाढतो, पण माहिती वाढत नाही. हाल कोणाचे, कशामुळे, कोणाच्या निष्काळजीपणामुळे आणि त्यावर त्या व्यक्तीने काय उपाय केला, हे प्रश्न त्या शब्दाखाली झाकले जातात.

दैनंदिन तपशील हा वाङ्मयाचा विषय होऊ शकत नाही, असे येथे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच परिसराशी निगडित असलेल्या एका ग्रंथात मिळते. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३७) या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई टिळक यांनी चूल, पाणी, सोवळे, पाहुणे आणि रिकामा डबा यांच्या हकिकतींतून एका धर्मांतराचा व एका संसाराचा इतिहास उभा केला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे विचार काय होते, हे त्यांच्या कवितेतून कळते. त्या विचारांची घरात काय किंमत मोजावी लागली, हे लक्ष्मीबाईंच्या तपशिलांतून कळते. परदेशस्थ विद्यार्थ्याच्या चरित्रालाही हाच निकष लावावयास हवा.

आनंदीबाईंची पत्रे : खोली, वस्त्र आणि अन्न :

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय १८ वर्षांचे होते. सोबत पती नव्हता. सुमारे दोन महिन्यांचा हा काळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण प्रश्न विचारून घरचे उत्तर हाती येईपर्यंत किती अवधी जात असेल, याची कल्पना त्यावरून येते. आजारपण, पोशाख किंवा जेवण यांविषयीचा कोणताही निर्णय पतीच्या संमतीची वाट पाहत थांबू शकत नव्हता. लग्नाच्या वेळी नऊ वर्षांची असलेली आणि तेव्हापासून पतीच्या आज्ञेत वाढलेली ही मुलगी केवळ अंतराच्या बळावर रोज स्वतः निर्णय घेऊ लागली. त्यांच्या परदेशी शिक्षणाचा हा पहिला धडा होय आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता.

रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात काढलेला पहिला उन्हाळा सुखाचा गेला. थिओडिशिया कार्पेंटर यांना त्या मावशी मानत. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यानंतर परिस्थिती पालटली. तीन वर्षांसाठी मिळून ६०० डॉलरची शिष्यवृत्ती त्यांना मंजूर झाली होती. म्हणजे दरमहा सरासरी १७ डॉलरहूनही कमी. राहण्यासाठी मिळालेल्या खोलीतील शेगडीचा धूर बाहेर जात नसे. शेगडी पेटविली तर धूर आणि विझविली तर थंडी, अशा दोन गोष्टींतून एक निवडणे एवढेच हाती उरत असे. प्रकृती आधीच नाजूक असलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत ही बाब क्षुल्लक नव्हती. चरित्रांतून या खोलीचा उल्लेख सहनशीलतेचे उदाहरण म्हणून येतो. वास्तविक तो एका व्यवस्थेविषयीचा पुरावा आहे. प्राचार्या रेचल बॉडली यांना आनंदीबाईंविषयी आस्था होती, यात संशय नाही. तरीही संस्थेने प्रवेश दिला, शिष्यवृत्ती दिली, समारंभात गौरव केला आणि धुराड्याचा प्रश्न मात्र विद्यार्थिनीवर सोडला. आस्था आणि व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे या एका खोलीवरून शिकता येते.

पोशाखाचे उदाहरण याहून बोलके आहे. नऊवारी नेसल्याने पायाचा काही भाग उघडा राहतो. तेथील हवामानात ते गैरसोयीचे आणि तेथील रीतीत ते अप्रशस्त. पाश्चात्त्य झगा घालणे हा सोपा मार्ग होता, पण आनंदीबाईंनी तो स्वीकारला नाही. त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. पतीशी झालेल्या पत्रव्यवहारात पोशाखाचा हा विषय येतो. श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी केलेल्या भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर केले होते. व्यासपीठावरील प्रतिज्ञा एका वाक्यात होते. ती पाळण्याचे काम रोज सकाळी साडी हातात घेताना करावे लागते. प्रतिज्ञा अभंग ठेवून शरीराला ऊब मिळेल, असा तिसरा मार्ग त्यांनी शोधला. याला केवळ तडजोड म्हणणे अपुरे आहे. परंपरेतले काय मूळ आणि काय सोयीपुरते, याचा विवेक त्यामागे दिसतो.

अन्नाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. शाकाहार पाळून त्या थंड प्रदेशात आवश्यक पोषण मिळविणे अवघड होते आणि त्याचा प्रकृतीवर परिणाम झाला असणे संभवनीय आहे. परंतु शाकाहारावर सर्व खापर फोडणे सोयीस्कर असले, तरी न्याय्य नाही. अपुरे उत्पन्न, निकृष्ट खोली, अभ्यासाचा ताण आणि क्षयाची बाधा यांचा एकत्रित विचार केल्यावाचून निष्कर्ष काढता येत नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. या अकाली मृत्यूमुळे त्यांच्या अमेरिकेतील प्रत्येक दिवसाकडे मृत्यूची पूर्वतयारी म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्या दिवसांत त्यांनी मैत्री जोडली, स्वयंपाक करून इतरांना आपल्या पद्धतीने जेवू घातले, जपान व सिरिया येथून आलेल्या विद्यार्थिनींसमवेत छायाचित्र काढून घेतले, आणि पतीने लहानपणी केलेल्या मारहाणीची आठवण त्याला पत्रातून स्पष्ट शब्दांत करून दिली. हे सारे शोकांतिकेच्या चौकटीत बसत नाही, म्हणून ते मागे पडते.

चरित्रकारांच्या दृष्टीतील भेद :

आनंदीबाईंच्या निधनानंतर अल्पावधीतच त्यांची दोन चरित्रे प्रसिद्ध झाली. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बोस्टनमधून निघाले आणि काशीबाई कानिटकर यांचे मराठी चरित्र १८८९ मध्ये. दोन्ही लेखिकांनी पत्रांचा आधार घेतला. डॉल यांचा वाचक अमेरिकन होता. पूर्वेकडून आलेली ही तरुणी आपल्या घरांत, आपल्या जेवणाच्या टेबलाशी कशी वावरली, याचे कुतूहल त्या वाचकास होते. त्यामुळे दैनंदिन तपशील तेथे कौतुकाच्या स्वरात येतात. काशीबाईंसमोरचा प्रश्न निराळा होता. परदेशी गेलेली स्त्री बिघडते, या समजुतीला उत्तर देणे त्यांना भाग होते. त्यामुळे काय खाल्ले, काय नेसले, कोणाकडे राहिल्या, हे तपशील त्यांच्या हाती साक्षीपुराव्यासारखे येतात. मराठी वाचक आरोप करणार हे गृहीत धरून केलेले हे बचावाचे लेखन आहे. तरीही काशीबाईंचे ऋण मोठे आहे. पत्रे ग्रंथात आणण्याचा निर्णय त्यांनी घेतला नसता, तर चरित्रनायिकेचा स्वतःचा आवाज मराठीत उरलाच नसता.

१९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि आनंदीबाईंची लोकमानसातील प्रतिमा तिनेच घडविली. पती-पत्नींमधील प्रेम, जुलूम व ध्येयवेड यांचा गुंता हा तिचा विषय. कादंबरी म्हणून ती प्रभावी आहे. पण तिच्या केंद्रस्थानी दाम्पत्य असल्याने विद्यार्थिनी दुय्यम ठरते. पुढे नाटक व २०१९ चा चित्रपट यांनीही दाम्पत्यकथेचीच वाट धरली. वर्गात शिकविताना अनेकदा कादंबरीतील प्रसंग चरित्रातील वस्तुस्थिती म्हणून सांगितले जातात, ही गोष्ट अध्यापक म्हणून आपण गांभीर्याने घ्यावयास हवी. अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांनी मूळ कागदपत्रांकडे पुन्हा वळून केलेले काम म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

रमाबाई व आंबेडकर : ताटावरील वाद आणि खोलीचा अर्थ :

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास उपस्थित असलेल्या पंडिता रमाबाई त्यापूर्वी इंग्लंडमध्ये वाँटेज व चेल्टनहॅम येथे शिकत होत्या. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरही त्यांनी मांसाहार वर्ज्य ठेवला आणि अंडी घातलेल्या गोड पदार्थांनाही नकार दिला. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीचा अहंकार दिसला. आपल्या धर्मश्रद्धेस बाधा न आणणाऱ्या देशी चालीरीती सोडण्याचे कारण नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. वरवर पाहता हा वाद ताटातील एका पदार्थाचा आहे. पण ज्याने आश्रय दिला त्याला आश्रिताचे जेवण ठरविण्याचा अधिकार पोहोचतो काय, हा त्यातील खरा प्रश्न आहे. शिष्यवृत्तीवर वा मेहेरबानीवर शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तो या ना त्या रूपाने उभा राहतो.

डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. चां. भ. खैरमोडे यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशस्थ विद्यार्थ्याच्या रोजच्या जीवनाची इतकी तपशीलवार दखल घेणारे चरित्र मराठीत विरळाच. वसतिगृहातील न रुचणारे जेवण, नवल भथेना यांचा स्नेह, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतील खरेदी हे सारे या काळाच्या हकिकतींत येते. १९२० नंतरच्या लंडनमधील दिवसांचे चित्र तर मनावर कोरले जाते. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा व थोडे मासे, दिवसभर ग्रंथालय, दुपारच्या जेवणाला फाटा आणि रात्री भुकेवर ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड. या पापडांचा उल्लेख आपण भाषणांतून नेहमी करतो, पण तो केवळ जिद्दीचे प्रतीक म्हणून. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागलेला विद्यार्थी कर्ज व मदत जमवून पुन्हा लंडनला गेला होता, हा त्या पापडांमागील हिशेब मात्र सांगावयाचा राहून जातो. पैशाची तंगी आणि वेळेची तंगी या तेथे एकच गोष्ट होत्या. जेवणावर खर्च न झालेला प्रत्येक पेनी म्हणजे लंडनमध्ये राहण्याचा वाढीव काळ होता.

या हकिकतीस दुसरी बाजूही आहे आणि ती ‘हालअपेष्टा’ या शब्दात मुळीच मावत नाही. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे आंबेडकरांनी पुढे स्वतः नमूद केले आहे. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू होताना, आता उतरावयाचे कोठे, या प्रश्नाने ती जाणीव परत आली. पारशी विश्रामगृहात खरी ओळख लपवून राहावे लागले आणि तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. न्यूयॉर्कमध्ये वसतिगृहाची खोली मिळणे ही नोंद घेण्याजोगी घटनाच नव्हती. स्वदेशात तीच खोली अप्राप्य ठरली. साध्या गोष्टी साधेपणाने मिळणे हाच त्या चार वर्षांतील मोठा अनुभव होता. ज्या दिवसांत सांगण्यासारखे काही घडले नाही, ते दिवसच आंबेडकरांच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण होते. केवळ घटना टिपणाऱ्या चरित्रपद्धतीला हे दिसणे कठीण आहे.

आनंदीबाई, रमाबाई व आंबेडकर यांची उदाहरणे शेजारी ठेवली असता एक गोष्ट स्पष्ट होते. परदेशातील रोजचे जीवन सर्वांना सारखे नसते. येथून निघताना विद्यार्थी काय मागे टाकून जातो, यावर त्याचा अर्थ ठरतो. आनंदीबाईंना खोलीने आजारी पाडले, तर आंबेडकरांना खोलीने माणूस म्हणून वागविले. एकाच शब्दाखाली हे दोन अनुभव बसविणारी समीक्षा दोघांवरही अन्याय करते.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. पहिला, परदेशस्थ विद्यार्थ्याचा दैनंदिन तपशील हा चरित्राचा भरणा नसून त्याचा गाभा आहे; कारण प्रतिज्ञा, धर्म, जात व स्वातंत्र्य यांची कसोटी तेथे लागते. दुसरा, या तपशिलाचे वाचन केवळ त्यागाच्या अंगाने केल्यास संस्थांची जबाबदारी नजरेआड होते. विद्यार्थ्याने सोसले म्हणून आपण त्याचा गौरव करतो आणि सोसावे का लागले, हे विचारावयाचे विसरतो. तिसरा, हा तपशील टिकविणारा वाङ्मयप्रकार प्रामुख्याने पत्र हाच होय. पत्र लिहिणाऱ्याला आपल्या कथेचा शेवट ठाऊक नसतो, म्हणून त्यात दिवस दिवसाच्याच मोलाने उतरतो.

या तिसऱ्या मुद्द्यातून आजची एक अडचण पुढे येते. आजचा विद्यार्थी पत्र लिहीत नाही. भ्रमणध्वनीवरील संदेश व दृक्संवाद यांमुळे आनंदीबाईंना लाभलेले अंतर उरलेले नाही आणि त्यासोबत, सावकाश विचार करून स्वतःचा दिवस शब्दांत मांडण्याची गरजही उरलेली नाही. बोलणे वाढले, पण नोंद राहिली नाही. काशीबाईंना जी सामग्री उपलब्ध होती, ती उद्याच्या चरित्रकारास मिळणार नाही. ग्रामीण भागातून परदेशी जाणारी पहिली पिढी आपल्या महाविद्यालयांतून जात असताना तिचा इतिहास असा विरून जाऊ देणे योग्य नव्हे. महाविद्यालयांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून मराठीत दीर्घ पत्रे मागवावीत आणि संमतीने ती ग्रंथालयात जतन करावीत. त्यांत यशाची हकिकत मागू नये. भाडे, स्वयंपाक, आजारपण, काम आणि सुटीचा दिवस यांविषयी लिहावयास सांगावे. नव्याने जाणाऱ्या विद्यार्थ्यास असे एक पत्र दहा माहितीपुस्तिकांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

शिफारसपत्रात आपण विद्यार्थ्याची बुद्धिमत्ता, परिश्रम व वर्तन यांविषयी लिहितो. तो जाणार तेथील खोलीत धूर कोंडतो की नाही, हे विचारणे आपल्या कक्षेत येत नाही, असे आजवर मानले गेले. आनंदीबाईंची पत्रे वाचल्यानंतर ही समजूत कायम ठेवणे कठीण आहे.